उघड्यावर चाळलेली भुकटी

तिसऱ्या चकतीतून कापलेला नमुनाही ओढताच तुटला, तेव्हा आदर्शनं ते तुकडे उपासनाच्या टेबलावर टाकले.

"मॅडम, तुमचं मशीनच वाकडं धरतंय. माझा प्रेस चुकलेला न्हाय."

बेळगावजवळच्या त्या कारखान्यात निकेलच्या मिश्रधातूची भुकटी तापवून, दाबून इंजिनाच्या चकत्या करत. प्रेस आदर्शकडे, तपासणी उपासनाकडे. तपासणीची जागा आदर्शच्या मेहुण्याला मिळणार होती. ती उपासनाला मिळाली, तेव्हापासून तो तिच्याशी सरळ बोलत नव्हता.

तिनं तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "बघा." धातू एकजीव झाला असता तर भुकटीचे जुने कण ओळखूही आले नसते. इथं प्रत्येक कणाची गोल कड काळी उमटली होती, आणि तडा त्या कडांवरूनच गेला होता.

"कणांवर ऑक्साइड चढलंय. हवेपासून जपणारी आर्गॉन वायूची पेटी बिघडली होती तेव्हा तुम्ही या चकत्यांची भुकटी उघड्यावर चाळलीत. दमट हवा लागली."

"घाण हुडकायला लई हुशार तुमची माणसं," आदर्श म्हणाला. "पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा."

दारात कारखान्याचे मालक भरमाण्णा उभे होते. त्यांनी मान खाली घातली. उपासना त्यांच्याकडे वळली.

"अण्णा, याच भुकटीचा एक सीलबंद ड्रम शिल्लक आहे. तो हवा न लागू देता, निर्वातात तापवून दाबायचा. प्रेस यांनीच चालवावा."

तिला खोटं पाडायचं म्हणून आदर्शनं कधी नव्हे इतक्या काळजीनं काम केलं. तेच तापमान, तोच दाब. नव्या चकतीचा नमुना मशीनवर चढला. आधीचे जिथं काडीसारखे तुटले होते, तिथं हा ताणत गेला, मधे बारीक झाला आणि कितीतरी जास्त भार घेऊन मग तुटला. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या कडा नव्हत्या.

आदर्श निघून गेला.

"झालं गेलं सोडून दे गं," भरमाण्णा म्हणाले. "आता चकत्या चांगल्या होतील."

"चकत्यांचं मिटलं. ते मला जातीवरून जे बोलले त्याची मी तक्रार देणार आहे. तुम्ही ऐकलंय."

"मला न्हाय बा ऐकू आलं. प्रेसचा आवाज हुता."

"प्रेस बंद होता, अण्णा."

उपासनानं जुन्या चकत्या भंगारात काढायच्या कागदावर सही केली, रिक्षा केली आणि थेट पोलीस ठाणं गाठलं. साक्षीदार म्हणून भरमाण्णांचं नाव तिनं स्वतः सांगितलं.

तक्रार नोंदली गेली आणि आठवडाभरात आदर्शला प्रेसवरून काढलं. कँटीनमध्ये उपासनाच्या टेबलावर कुणी बसेना. भरमाण्णांना ठाण्यातून बोलावणं आलं त्या सकाळी त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ती नवा ड्रम तपासत होती. सील नीट आहे, एवढं तिनं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.