एकसारखी चूक

राष्ट्रीय महिला हौशी बास्केटबॉल संघाची कॅप्टन वजनमापे खात्यात निरीक्षक होती. दिवसभर ती दुकानदारांचे तराजू तपासायची, खोटी मापं जप्त करायची आणि संध्याकाळी हॉल गाठायची. तिथल्या दोन तासांत "मॅडम, यंदा जरा सांभाळून घ्या" म्हणणारं कुणी नसे, की "आई, माझा दुसरा मोजा कुठाय" विचारणारं कुणी नसे. सासूबाईंच्या मते बास्केटबॉल म्हणजे स्वयंपाकातून अंग काढून घ्यायची युक्ती. हे अगदीच खोटं नव्हतं. पण ते दोन तास गेले असते तर तिचं असं काही उरलं नसतं.

संघ दरवर्षी स्पर्धेला जायचा आणि पहिल्या फेरीतून परत यायचा. आपल्या हॉलमध्ये गप्पा मारतामारता बास्केट करणाऱ्या या बायकांचे बॉल परक्या मैदानावर रिंगच्या पुढच्या कडेला आपटून माघारी येत. महासंघाने यावर सखोल विचार केला होता. एका वर्षी दोष आहारात सापडला, एका वर्षी हवेत, आणि गेल्या वर्षी मानसिकतेत. तेव्हा अध्यक्षसाहेबांनी आत्मविश्वासावर बोलणारा वक्ता आणला. तो इतका वेळ बोलला की सरावाला वेळच उरला नाही.

यंदा निघण्याआधी साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "सुवर्णपदक आणा. नाहीतर संघ बंद. हॉल बॅडमिंटनवाले मागताहेत. त्यांच्यात निदान कुणीतरी जिंकतं."

मग व्यवस्था बघायला म्हणून ते पदाधिकाऱ्यांसह विमानाने पुढे गेले. संघ मागून बसने गेला.

पहिला सामना त्या कशाबशा जिंकल्या, तोही समोरच्या संघाला त्यांच्यापेक्षा वाईट खेळता येत होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावात शिडी उडी मारून थांबली. शिडी म्हणजे संघातली सर्वांत उंच मुलगी. व्यवसायाने वायरमन, त्यामुळे टोपणनाव दोन्हीकडून चपखल.

"ताई, ही रिंग उंच आहे."

"रिंग नाही, तुझे गुडघे म्हातारे झालेत."

"घरी माझा अख्खा पंजा लागतो. इथे नुसती बोटं टेकतात."

कॅप्टनच्या पिशवीत टेप कायम असे. ती शिडीच्या खांद्यावर बसली आणि मोजलं. रिंग नियमाप्रमाणे होती, तंतोतंत. ती खाली उतरली ती थेट जमिनीवरच बसली. घरच्या हॉलमध्ये काही वर्षांपूर्वी साहेबांच्या मेहुण्याने जुन्या फरशीवरच नवी लाकडी जमीन बसवून दिली होती. जमीन चार बोटं वर आली आणि रिंग होती तिथेच राहिली. उद्घाटनाला कॅप्टन स्वतः हजर होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला चिंचोक्याएवढा लोहचुंबक शोधून काढणाऱ्या बाईने आपल्या डोक्यावरची रिंग एकदाही मोजली नव्हती.

"म्हणजे आपली मानसिकता एवढी वर्षं ठणठणीत होती तर," दातांची डॉक्टर म्हणाली. ती संघात बचावाला असायची.

"बाहेर बोलू नका," कॅप्टन म्हणाली. "ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"परत गेल्यावर रिंग वर घेऊ," शिडी म्हणाली.

"आधी परत जायला हॉल तर राहू दे."

प्रशिक्षक शाळेत भूगोल शिकवायचे. ते म्हणाले, "सोपं आहे. थोडं उंच मारा." सगळ्यांनी थोडं उंच मारलं. प्रत्येकीचं थोडं वेगळं होतं. एक बॉल रिंगमागच्या फळ्यावरून पलीकडे गेला, एक दिव्याला लागला. एवढ्या वर्षांची हाताची सवय एका सकाळी सुटत नाही.

कॅप्टनने दिव्याला लागून आलेला बॉल उचलला. मग म्हणाली, "सर, जो काटा कधी जास्त दाखवतो, कधी कमी, तो आम्ही भंगारात टाकतो. पण जो नेहमी तेवढंच कमी दाखवतो, त्याच्यावर काम चालतं. किती कमी ते माहीत असलं की झालं."

"मग?"

"नेहमी मारतो तसंच मारायचं. बॉल पुढच्या कडेला लागणार आणि पुढेच पडणार. शिडीने तिथे उभं राहायचं."

उपांत्य फेरीपर्यंत समोरच्या संघांना काही कळेना. या बायका नेम चुकवत होत्या आणि चुकलेला बॉल नेमका यांच्याच हातात पडत होता. समालोचकाने याला नशीब म्हटलं. साहेबांनी याला आत्मविश्वास म्हटलं आणि वक्त्याला फोन लावला.

अंतिम सामन्यात शेवटचे काही क्षण उरले होते. संघ एका गुणाने मागे होता आणि बॉल कॅप्टनच्या हातात. समोर रिंग, मधे कुणी नाही. हात उचलताना तिला वाटलं, एकदा तरी बरोबर मारावा, चार बोटं वर. जन्मभर लोकांच्या चुका दुरुस्त केलेल्या बाईला जाणूनबुजून चुकीचा बॉल मारणं सोपं नव्हतं. तेवढ्यात हॉल आठवला, आणि तिथे जाळी लावणारे बॅडमिंटनवाले. तिने मनगट आवरलं आणि रोजच्यासारखा मारला.

बॉल पुढच्या कडेला लागला. शिडी तिथेच होती. तिने तो अलगद आत टाकला आणि भोंगा वाजला.

बक्षीससमारंभात फोटोसाठी साहेबांनी कॅप्टनचं पदक स्वतःच्या गळ्यात घातलं. मग सोबत आलेल्या मेहुण्याच्या. माईकवरून त्यांनी या यशाचं श्रेय महासंघाच्या दूरदृष्टीला दिलं. कॅप्टनची पाळी आली तेव्हा तिने माईक हाताने झाकला.

"साहेब, हॉल आमच्याकडेच ना?"

"हॉल? तुमचाच की. आता कोण हात लावतंय? भाषण करा तुम्ही."

"एवढंच विचारायचं होतं." ती मागे वळून म्हणाली, "शिडी, मंगळवारी सहाला. उशीर झाला तर मैदानाला दहा फेऱ्या."

"पदक मिळालं तरी?"

"पदक साहेबांना मिळालंय. तू वेळेवर ये."