तळाचा वेग

भूमिकाने यंत्राचा दांडा पाटाच्या तळापर्यंत खुपसला आणि त्याच्या टोकाचा पंखा गरगर फिरू लागला. इतका फिरायला नको होता.

तिने दांडा वर काढला, पुन्हा घातला. आकडा तोच. सेकंदाला सदतीस सेंटिमीटर. परवा याच जागी, गवतात, सहा होता.

“आमचा ठोकळा काय वाईट होता, मॅडम?” काठावरून ज्ञानेश्वर म्हणाला.

तो पाटबंधाऱ्याचा निरीक्षक. पाण्यावर लाकडी ठोकळा सोडायचा आणि घड्याळ बघायचं, ही त्याची मोजणी. पाणी भरपूर धावतंय, तरी शेवटच्या शेतांना पोचत नाही, म्हणजे मधली वाडी चोरतेय. पाटातून वाडीकडे पाणी नेणारी मोरी बंद करायला त्याने आज लोखंडी झाकण आणि कुलूप आणलं होतं.

भूमिकाचं म्हणणं वेगळं होतं. पाण्याखाली गवत माजलं की वरचा थर पळतो, खालचा अडून बसतो, आणि ठोकळ्याला फक्त वरचा कळतो. आसनगावच्या घरी दोन महिने बसून तिने त्याचं गणित मांडलं होतं. आज ते निरीक्षकासमोर सिद्ध करायचं होतं.

“इथलं गवत कुठं गेलं?”

“काढलं ना गो बाय!” वाडीतली ठकूमावशी पुढे आली. कोपरापर्यंत चिखल. “परवा तुझा पंखा सारखा अडकत व्हता. मी रत्नाला बोलली, पोरगी एवढ्या लांबून येते, तिला नीट मोजू तर द्या. पहाटपासून अख्खा पाट उपसलाय आमी.”

काठाने दूरवर ओल्या गवताचे ढीग पडले होते.

भूमिकाने ढिगांकडे पाहिलं, मग हातातल्या पंख्याकडे.

“चुकलं काय?”

“नाही, मावशी.”

“सदतीस लिहा,” ज्ञानेश्वर म्हणाला. “तुमचा आकडा, माझा आकडा, जुळले जवळजवळ. गवताचा प्रश्नच उरला नाय.” झाकण उचलून तो मोरीकडे निघाला. मोरीतलं पाणी वाडीच्या भेंडीत जात होतं.

“सायब, भेंडी फुलावर हाय,” रत्ना मागून म्हणाली.

“मी नाय ठरवत गो. वरून आलंय.”

भूमिकाने सदतीस लिहिलं. दुसरं काही लिहिणं तिला जमलं नसतं.

तेवढ्यात ज्ञानेश्वरचा फोन वाजला. शेवटच्या शेतावरून वाल्मिक इतक्या मोठ्याने बोलत होता की सगळ्यांना ऐकू आलं.

“आलं रे पाणी! माझ्या बांधाला लागलंय. टाकलंस ना टाळं वाडीला? मी बोललो नव्हतो?”

ज्ञानेश्वरच्या एका हातात झाकण होतं, दुसऱ्यात फोन. त्याने उघड्या मोरीकडे पाहिलं.

“हां,” तो म्हणाला. “टाकलं.”

रत्नाने ठकूमावशीकडे पाहिलं. ठकूमावशी पाण्याकडे बघत राहिली.

भूमिकाने सदतीसच्या वर परवाचा सहा लिहिला. मध्ये ‘गवत काढले’. खाली वेळ टाकून, ‘शेवटच्या शेताला पाणी पोचले. वाडीची मोरी उघडी.’ मग ती काठाने चालत त्याच्याजवळ गेली आणि वही पुढे धरली.

“साक्षीदार म्हणून तुमची सही, सर.”

त्याने वाचलं. फोन खिशात ठेवला आणि पुन्हा वाचलं. झाकण जड होतं. ते त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. भूमिकाने पुढे केलेलं पेन तसंच राहिलं.

“द्या सायब, मी धरते,” ठकूमावशी म्हणाली, आणि तिने झाकण त्याच्या हातातून काढून घेतलं.