एका पिळात चौदा

उपासाचं कुणाला सांगायचं नाही, ही आमच्या चर्चच्या मंडळीची पद्धत. तोंड धुवायचं, केस विंचरायचे, नेहमीसारखे टुकार जोक मारायचे. फक्त एका माणसाला सांगायचं. तो तुमचा जोडीदार. तो रोज एकदा फोन करणार आणि तुमच्यासोबत प्रार्थना करणार.

माझ्या वाट्याला शिवणवाली मावशी आली. सख्खी नाही, मंडळीतली. पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते. फोन बरोबर सहाला करते आणि मशीन चालूच ठेवते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मावशी, प्रार्थनेपुरतं तरी बंद करा ते."

"प्रभूला चालतं," ती म्हणाली. "तुला त्रास होत असेल तर तू कान झाक."

तीन दिवसांचा उपास होता. सोमवार, मंगळवार, बुधवार, नुसतं पाणी. कारण सांगतो.

बायकोला आठवा महिना लागलाय. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, दाजींच्या हाताखाली. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. कुठे शिकलो नाही, चार वर्षं त्यांच्या मागे पाना धरून उभा राहिलो, तेवढंच शिक्षण. आणि गेल्या आठवड्यात दाजी म्हणाले, "बुधवारच्या तपासणीच्या फॉर्मवर तू सही कर. आता तुझं बघून घे, मेव्हण्या. सही केलीस की तू पक्का."

खूश व्हायला पाहिजे होतं. पण झालो नाही. दाजी तपासणी कशी करतात ते मी चार वर्षं बघत होतो. वर जायचं, विडी ओढायची, खाली यायचं, सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण. आता त्या खुणांखाली माझं नाव येणार. नाही म्हणावं तर बाळाला काय खाऊ घालू? म्हणून बसलो उपासाला. देवा, पुढचं दिसू दे. एवढंच मागणं.

इमारत आठ मजल्यांची, सहाव्यावर डोळ्यांचा दवाखाना. सकाळी ऑपरेशनं होतात, अकरानंतर माणसं खाली यायला लागतात. डोळ्यावर पांढरी पट्टी, एक हात नातेवाइकाच्या खांद्यावर. काहींच्या दोन्ही डोळ्यांना पट्टी. लिफ्टचं दार उघडलं की पुढे पाय टाकून चाचपडतात, जमीन लागली की आत येतात. कुणी वर बघत नाही. बघून दिसणार काय?

सही माझी होणार म्हणून मी हट्ट धरला आणि मंगळवारी सकाळी मी आणि दाजी लिफ्टच्या टपावर चढलो. लिफ्ट चार दोरांवर लटकते. पोलादी तारांचे पिळलेले दोर, अंगठ्याएवढे जाड. दोर तपासायची खरी रीत अशी: दाजींनी लिफ्ट हळूहळू चालवायची, मी दोराभोवती फडकं धरायचं. तार तुटलेली असेल तिथे फडकं अडकतं. अडकलं की थांबायचं, बोटाने चाचपायचं, मोजायचं. आमच्या फॉर्मवर लिहिलंय, एका पिळात, म्हणजे दोराच्या एका पूर्ण वेढ्यात, दहाच्या वर तुटलेल्या असतील तर दोर बदला.

पहिले दोन दोर ठीक होते. तिसऱ्याला फडकं जरासं अडकलं. चौथ्याला तर हातातून हिसकलंच गेलं. दोरावर तांबडी भुकटी होती, विटेच्या चुऱ्यासारखी. आतून गंजायला लागला की अशी भुकटी बाहेर येते. मी मोजल्या. चौदा.

"दाजी, चौदा आहेत."

"कसल्या चौदा?"

"तारा. एका पिळात."

"चार दोर आहेत रे बाबा. एक गेला तरी तीन आहेत. नवे दोर यायला महिना लागतो. महिनाभर लिफ्ट बंद ठेवली तर दवाखानावाले आपल्याला ठेवतील का?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात समोरची भिंत सरकली. खरंच सरकली. मग काळं झालं. नंतर कळलं की दाजींनी माझी कॉलर धरली होती आणि माझा एक पाय टपाच्या बाहेर होता. खाली पाच मजल्यांची पोकळी.

"जेवला नाहीस का तू?"

"जेवलो की."

हे मी म्हटलं. उपासाचं सांगायचं नाही ना. त्या माणसाने नुकताच माझा जीव हातात धरला होता आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो.

खाली आलो तर दाजींनी माझी पिशवी उघडली. बायकोला संशय नको म्हणून डबा रोज आणायचो. सोमवारचा खालच्या कुत्र्याला घातला होता. मंगळवारचा तसाच, गच्च भरलेला. दाजींनी झाकण उघडलं, परत लावलं.

"उपास धरलायस." मग हसले. ते हसू मला अजून आठवतं. "म्हणजे उपाशी पोटी मोजल्यास होय तारा? अरे, तुला भिंती फिरताना दिसतायत. सात असतील, तुला चौदा दिसल्या."

आणि वाईट काय सांगू, मला ते पटलं. खरंच पटलं. कारण मला पटवूनच घ्यायचं होतं.

संध्याकाळी सहाला मावशीचा फोन आला. मी सगळं सांगितलं. मशीन थांबलं. पहिल्यांदाच.

"तू त्याला जेवलो म्हणालास?"

"आपली पद्धत आहे ना, सांगायचं नाही."

"अरे गाढवा," मावशी म्हणाली. "वाहवा करणाऱ्यांपासून लपवायचं असतं. ज्याच्या हातात तुझा जीव आहे त्याच्यापासून लपवून काय मिळवलंस? पडला असतास म्हणजे? तुझ्या बायकोला मी काय सांगितलं असतं, फार छान उपास केला म्हणून?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तारांचं काय?"

"माहीत नाही मावशी. चक्कर येत होती. देवाकडे पुढचं विचारतोय तर काहीच दिसत नाही."

"दिसायला कशाला पाहिजे? तुझ्या बोटाला लागलं ना? दोन दिवस उत्तर मागतोयस, ते हाताला लागलं, तर म्हणतोस चक्कर आली."

"पण खरंच सात असतील तर?"

"तर जेव आणि परत मोज."

"उपास उद्या संध्याकाळी संपतो."

"उपास मोडलास तरी प्रभू तुला ओळखतो. खोटी सही केलीस तर तू स्वतःलाच ओळखू येणार नाहीस." मग आवाज मऊ झाला. "भिऊ नकोस रे पोरा. पुढचा सगळा रस्ता कुणाला दाखवत नाही तो. मलाही नाही दाखवला. नवरा गेला तेव्हा फक्त एवढं दिसत होतं, की उद्या चार अभ्रे द्यायचेत. बस. चार अभ्रे शिवले."

प्रार्थना केली. मग मशीन परत सुरू झालं.

बुधवारी सकाळी इमारतीच्या जिन्यात बसून दोन केळी आणि पावाचा तुकडा खाल्ला. तीन दिवस पुरे करायचे होते, अडीचही झाले नाहीत. लाज वाटली. घास गिळताना डोळ्यात पाणी आलं. अर्धा तास तसाच बसलो, चक्कर पूर्ण जाईपर्यंत. मग लिफ्टचा मेन स्विच बंद केला, एकटा टपावर गेलो आणि चौथा दोर धरला. लिफ्ट न चालवता, नुसत्या बोटांनी, डोळे मिटून.

सोळा.

परत मोजलं. सोळा. काल चौदा म्हणजे कमीच मोजल्या होत्या. अंगठ्याला तारेचं टोक घुसलं, रक्त आलं. बरं वाटलं, विचित्र आहे पण बरं वाटलं.

आठव्याच्या वर मोटररूम आहे, तिथे मेन स्विच. मी त्याला माझ्या घरच्या दाराचं कुलूप लावलं. फॉर्मवर चौथ्या दोरापुढे सोळा लिहिलं, खाली सही केली आणि फॉर्म तिथेच ठेवला. दाजींना फोन केला.

"कुलूप लावलंय. सोळा आहेत. आज जेवून मोजल्या."

दाजी म्हणाले, "ताईला काय तोंड दाखवणार आहेस तू?" आणि फोन ठेवला.

अकरा वाजले. सहाव्यावर गर्दी जमायला लागली. लिफ्ट बंद म्हटल्यावर शिव्या सुरू झाल्या, माझ्या आईपर्यंत पोचल्या. काही जण जिन्याने निघाले, बरेच तिथेच थांबले, चालू होईल म्हणून. एक म्हातारे बाबा एकटेच होते, दोन्ही डोळ्यांना पट्टी, मुलगा खाली गाडी आणायला गेलेला. मी म्हटलं, चला, मी सोडतो.

त्यांनी माझ्या शर्टाची पाठ मुठीत धरली. एक पायरी, एक पायरी.

"किती राहिल्या?"

"बऱ्याच आहेत बाबा. आता एक आली."

"तू नेहमी असंच उत्तर देतोस का?"

"आजपासून."

चौथ्या मजल्यावर आलो आणि वरून आवाज आला. ठण्ण. थोडं थांबून परत, ठण्ण. लिफ्टच्या पोकळीतून तो आवाज खाली घरंगळत येत होता, विहिरीत दगड टाकल्यासारखा. गर्दीत माझ्या नकळत दाजी वर पोचले होते आणि हातोड्याने कुलूप तोडत होते.

"वर काय चाललंय रे?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. दुरुस्ती."

तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि आवाज थांबला. ते जास्त वाईट होतं. मग एक जड 'खट' झालं, आणि लिफ्टच्या दाराशेजारचा लाल दिवा लागला. मेन चालू. सहाव्यावर कुणीतरी आनंदाने ओरडलं, "आली, आली!"

लिफ्टचा एक नियम आहे. कुठल्याही मजल्याचं दार उघडं असलं की लिफ्ट जागची हलत नाही. दार उघडायची चावी माझ्या खिशात असते. मी बाबांना भिंतीला टेकवून उभं केलं, चावी घातली, तिसऱ्या मजल्याचं दार बाजूला सरकवलं आणि ते मिटू नये म्हणून चौकटीत उभा राहिलो. लाल दिवा विझला. समोर अंधार, थंड वारा आणि ग्रीसचा वास. डोळ्यांसमोर ते चार दोर. चौथा हलकासा थरथरत होता.

"दार लाव!" वरून दाजींचा आवाज. "लाव म्हणतो! घरात पाय ठेवू देणार नाही तुला!"

"लावत नाही, दाजी. सोळा आहेत. खाली या आणि तुम्ही मोजा."

जिन्यावर त्यांची पावलं वाजायला लागली. आठवा. सातवा. सहाव्यावर लोकांनी त्यांना घेरलं असावं, गलका झाला. पावलं परत सुरू झाली. पाचवा. बाबांनी चाचपडत पुन्हा माझा शर्ट धरला.

"थरथरतोयस तू."

"भूक लागलीय बाबा. दोन दिवस जेवलो नव्हतो."

"मग बस की जरा."

"बसता येत नाही."

बाबांनी मूठ सोडली नाही.

मावशीचा फोन सहाला येतो. सहाला अजून साडेसहा तास होते. दाजी चौथ्या मजल्यावर आले होते. मी दाराच्या कडेला हात घट्ट धरला आणि पाय जरा फाकवून उभा राहिलो.