खिशातली गोळी

आमच्या कारखान्याचा नियम आहे: जो बनवेल त्याने पहिली खायची. मिठाई नव्हे, गोळी. जमाव पांगवताना पोलिसांच्या हातून माणूस मरू नये, म्हणून आम्ही रबरी टोकाच्या गोळ्या आणि त्या उडवणारे लाँचर बनवतो. रचना माझी, म्हणून मांडीही माझीच. पाच वर्षांत पाच चाचण्या, पाच काळेनिळे डाग. बायको म्हणते, "लोक कामावरून येताना भाजी आणतात, तुम्ही डाग आणता."

मी मुळात भित्रा. चाचणीच्या दिवशी सकाळपासून ती गोळी पँटच्या खिशात बोटांनी खेळवत बसतो. त्याने धीर येतो.

यंदा नवं लाँचर बघायला पोलीस खात्यातल्या एक अधिकारी बाई आल्या. मैदानावर थंडीने कान दुखत होते. मी खिशातली गोळी काढली, तशा बाई म्हणाल्या, "ती राहू द्या. ही आमच्या गाडीतली घ्या. तुम्हीच दिलेली आहे. पेट्या गाडीतच असतात आमच्या."

सवयीने मी टोकावर नख दाबलं. रुतलं नाही. माझ्या गोळीवर दाबलं, सहज रुतलं. पाच वर्षं मी माझ्याच उबेने मऊ झालेली गोळी खात होतो, आणि अहवालात "किरकोळ इजा" लिहून सही ठोकत होतो.

"चला, उरका," मालक म्हणाले.

बोललो तर पाचही अहवाल खोटे. नाही बोललो तर हाड जाणार. एका हाडावर भागत असेल तर भागू दे, असंही मनात आलं. लाज वाटते सांगायला, पण मी गुपचूप वीस मीटरच्या खुणेवर जाऊन उभा राहिलो. मालकांनी लाँचर उचललं आणि मी ओरडलो.

"थांबा. हाड मोडेल."

मालक हसले. "पाच वेळा नाही मोडलं ते?"

"पाचही वेळा गोळी माझ्या खिशातली होती. गार पडली की रबर कडक होतं. हातात घेऊन बघा."

बाई हसल्या नाहीत. दोन्ही गोळ्या घेऊन त्यांनी आळीपाळीने नख दाबून पाहिलं.

"गेल्या थंडीत आम्ही याच मारल्या," त्या म्हणाल्या. "जमावातले तिघं अजून लंगडतात. तुमचा अहवाल पुढे करून आम्ही त्यांना ढोंगी ठरवलं."

मी अजून खुणेवरच उभा होतो, मांडी पुढे करून.