मधलं वादन

आईने हेडफोन कानांवर चढवला आणि लगेच काढला. चष्म्याच्या काड्या टोचत होत्या. मग तिने चष्माच काढला आणि सावकाश घडी घालून पर्समध्ये ठेवून दिला. समोरच्या स्टँडवर लावलेला गाण्याचा कागद त्यामुळे दिसेनासा झाला, पण तिला त्याची फिकीर नव्हती.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी रेकॉर्ड कंपनीचे साहेब बसले होते. मागे भिंतीला टेकून तिची लेक.

लेकीने तीन मित्रांबरोबर पोस्ट-रॉकचा अल्बम काढला होता. गिटार, बास, ड्रम सगळं होतं, फक्त गाणारं कुणी नव्हतं. समीक्षकांनी धुऊन काढलं. एकाने लिहिलं, 'ताटं मांडली, पाणी ठेवलं, वाढायला मात्र कुणी आलंच नाही.' अल्बम न ऐकलेले लोकही ते वाक्य हसत हसत म्हणू लागले. ज्यांनी खरंच ऐकला त्यांचं निराळंच होतं. एका नर्सने कळवलं होतं, 'दिवसभर सगळे मला काही ना काही सांगत असतात. हे संगीत काहीच सांगत नाही. शेजारी येऊन बसतं.' आईने ते लेकीकडून दोनदा वाचून घेतलं होतं.

पण नर्सच्या मतावर खप वाढत नाही. साहेबांनी तोड काढली. शेवटच्या लांबलचक तुकड्यावर आईने गायचं. एके काळी घरोघरी पोचलेला आवाज तो. त्यावर तिचा आवाज चढवला तर अल्बम पुन्हा बाजारात येईल, नाहीतर कंपनी तो गुंडाळणार.

"तूच ठरव," एवढंच लेक म्हणाली होती, तेही दुसरीकडे बघत.

"ताई, सुरुवातीला बराच वेळ नुसतं वाजतंच," साहेबांचा आवाज कानात आला. "कंटाळा येत असेल तर कापून टाकू."

"कापायची घाई तुमच्या वडिलांनाही फार असायची."

साहेब मोकळेपणी हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

तिच्या उमेदीच्या काळात तबकडीच्या एका बाजूला जेमतेम एक गाणं मावायचं. तिच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यात दोन कडव्यांच्या मधे तिच्या नवऱ्याचं अॅकॉर्डियन होतं. थोरल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "बाईंचं कडवं राहू द्या, ही मधली भरताड काढा." नवऱ्याने वाद्य मिटलं आणि तिला मानेनेच खूण केली, गा. तबकडी खूप वाजली. नवरा मात्र पुढे जन्मभर दाढी करताना, भांडी पुसताना तेच कापलेलं वादन गुणगुणत राहिला. लहानगी लेक त्याच्या मागे मागे फिरायची.

तांबडा दिवा लागला. तुकडा सुरू झाला.

आई माइकसमोर ताठ उभी राहिली. जिथून गायचं ठरलं होतं ती जागा आली आणि गेली. साहेबांनी हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. चष्मा नसल्यामुळे तिला ते दिसलं नसेल, किंवा दिसलं असेल. गिटारीने एक चाल धरली आणि तीच पुन्हा पुन्हा घोळवू लागली. समीक्षक इथेच सर्वांत जास्त वैतागले होते. आईची उजव्या हाताची बोटं अॅकॉर्डियनच्या पट्ट्यांवर फिरावीत तशी स्टँडच्या कडेवर चालू लागली.

शेवटचा सूर विरल्यावरच तिने हेडफोन काढला.

"झालं माझं."

"अहो, पण तुम्ही गायलाच नाहीत!" साहेब खोलीतल्या स्पीकरवरून म्हणाले.

"रिकामी जागा कुठे होती? मी शोधली."

"मग जागा करू ना. ते मधलं घोळवणं काढून टाकलं की..."

"ते एकदा कापून झालंय, साहेब. आता परत नाही."

साहेबांनी कपाळ चोळलं. "असं असेल तर आम्हाला हा अल्बम ठेवता येणार नाही."

"नका ठेवू. आवाज हवा म्हणणाऱ्यांकडे माझ्या तबकड्या असतील, त्या लावा म्हणावं."

लेक भिंतीपासून हलली होती. साहेबांच्या खांद्यावरून वाकून तिने बोलायचं बटण दाबलं.

"आई, तुझी बोटं..." ती थांबली. "मला वाटत होतं, ही चाल मला सुचली."

आईने पर्समधून चष्मा काढून घातला. कोपऱ्यातली खुर्ची ओढून ती ऐसपैस बसली.

"पुन्हा लावा," ती रेकॉर्डिस्टला म्हणाली. "पहिल्यापासून."

रेकॉर्डिस्टने साहेबांकडे बघितलंही नाही.