थर्डसाहेबांच्या दाराची कडी

मला जुनी म्हणावे इतके माझे वय नाही, मित्रांनो. पण मी मधोमध वाकलेली आहे, आणि वाकलेल्याला जग म्हातारेच समजते. मी एक कडी आहे. दाराला आतून लावतात ती. एका जहाजाच्या इंजिनखोलीत पडलेल्या लोखंडी गजाच्या उरलेल्या तुकड्यातून माझा जन्म झाला. दुकानातल्या कड्या डझनाने जन्मतात; मला मात्र एका माणसाने एका बाईसाठी एकटीलाच घडवले. हा मान मला मिळाला नसता तर फार बरे झाले असते.

मला घडवणारा मा चिलसू हा त्या जहाजावरचा फिटर. कोरियातल्या बुसान बंदराजवळच्या यंगदो बेटावरचा. तोंडाने कमी आणि कानशीने जास्त बोलणारा. ज्यांच्यासाठी घडवले त्या ओक बोराम, जहाजाच्या थर्ड ऑफिसर. गोजे बेटावर कालवे सोलून पोट भरणाऱ्या आईची ही मुलगी. एक दिवस कॅप्टन व्हायचे एवढेच तिच्या डोक्यात. चिलसू तिला ‘थर्डसाहेब’ म्हणे. आधी चेष्टेने, मग सवयीने, आणि शेवटी खऱ्या मानाने.

आमचे जहाज कंटेनर वाहायचे. मालक कोरियाचा, झेंडा पनामाचा, पाणी कोणाचेच नाही. मोठे लोक अशी सोय का करून ठेवतात ते मला पुढे न्यायालयात कळले.

जहाजावर प्रत्येक खोलीला कुलूप होते आणि ज्याची खोली त्याच्याकडे त्याची किल्ली. पण सगळ्या कुलपांना चालणारी एक किल्ली कॅप्टनसाहेबांकडे असे. आग लागली, कोणी आत बेशुद्ध पडले, तर दार उघडता यावे म्हणून. आता कॅप्टन योम यांच्या मते जहाजावर सारखी आग लागत असावी, आणि तीही नेमकी थर्ड ऑफिसरच्या खोलीत. बोराम सकाळची पाळी संपवून, जेवून दुपारी अंग टाके. तेव्हा किल्ली फिरायची.

“अगं, दचकतेस काय? धुराचा वास आल्यासारखा वाटला. मी बापासारखा तुला.”

बापासारख्या माणसाचे हात बापासारखे नव्हते. याहून जास्त मी सांगणार नाही. तिनेही न्यायालयात एकदाच सांगितले आणि मग पाणी मागितले.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, तिने तक्रार का केली नाही? केली. जेवणघरात भिंतीवर एक छान चौकटीतला कागद होता: ‘छळ झाल्यास येथे तक्रार करावी.’ खाली नाव होते कॅप्टन योम यांचेच. म्हणून ती चीफ ऑफिसर चू यांच्याकडे गेली. ते कॅप्टनच्या खालोखालचे अधिकारी. त्यांनी दार लावून घेतले, मग तिच्याकडे पाहून पुन्हा उघडले.

“हे बघ बोराम, कॅप्टनसाहेबांचा स्वभाव मोकळा आहे.”

“माझा नाही, सर.”

“बुसान किती लांब राहिलंय आता? कामाचा शेरा त्यांच्या हातात आहे. तुझा पण आणि माझा पण. जहाजातलं जहाजात राहिलेलं बरं.”

जमाखर्चाची मला आवड आहे, म्हणून नोंदवून ठेवते. चीफला ठाऊक होते. भंडाऱ्याला, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाक्याला, ठाऊक होते, कारण बुधवारच्या जेवणाला कॅप्टनच्या शेजारची खुर्ची तिच्यासाठी मोकळी ठेवायचा हुकूम त्यालाच होता, आणि ती ताटात भात तसाच टाकून उठे. खलाशांना ठाऊक होते. ते तिच्याशी जरा जास्तच अदबीने वागू लागले होते. ठाऊक असणे या बाजूला सगळे जहाज जमा होते. खर्चाच्या बाजूला एकटी बोराम.

मग ती एके दिवशी इंजिनखोलीत उतरली.

“काका, दाराला आतून कडी बसवून द्याल?”

चिलसूने कानस थांबवली. का, म्हणून विचारले नाही. हा त्याचा मोठेपणा की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

“नियमात बसत नाही, थर्डसाहेब. आग लागली तर बाहेरून दार उघडायचं कसं? आणि आगीचं खातं तर तुमच्याकडेच.”

हे खरेच होते. जहाजावरची आग विझवण्याची सगळी साधने तिच्याच ताब्यात असत. बाहेरून न उघडणारे दार दुसऱ्या कोणाच्या खोलीत दिसले असते तर तिनेच त्याला धारेवर धरले असते.

“काका,” ती म्हणाली, “आग रोज लागतेय. बाहेरूनच दार उघडून आत येतेय.”

चिलसूने गजाचा तुकडा उचलला.

मी तयार झाले. चार स्क्रूंनी दारावर बसले, समोर चौकटीला कोयंडा. काम झाल्यावर चिलसूने खिशातून पांढऱ्या दोऱ्याची लडी काढली. आमच्याकडे नवे दुकान उघडले, नवे यंत्र बसवले, की सुका मासा आणि पांढरा दोरा बांधतात, वर तांदळाच्या दारूचे चार थेंब शिंपडतात, इडापिडा टळावी म्हणून. तो म्हणाला, “मासा भंडाऱ्यानं रश्श्यात घातला. नुसत्या दोऱ्यावर भागवा.” आणि माझ्या मुठीखाली दोऱ्याचे वेढे देऊन त्याने गाठ मारली. बोराम हसली. त्या खोलीत मी तिला हसताना पाहिले ते पहिल्यांदा, आणि त्या जहाजावर शेवटचेच.

त्यानंतरच्या दुपारी मी माझे काम केले. किल्ली फिरे, दार जरासे हले, आणि मी आडवी असे. बाहेरून घसा खाकरल्याचा आवाज येई आणि पावले निघून जात.

मग सिंगापूर जवळ आले. तिथे तपासणीला माणसे येणार होती. जहाजाची तपासणी म्हणजे काय, हे ज्याने जहाज पाहिले आहे त्यालाच कळेल. जे दुरुस्त करायचे ते राहू देतात आणि जे दिसते त्याला रंग फासतात. गंजावर रंग, धुळीवर रंग. झुरळ वेळेवर पळाले नाही तर त्याच्यावरही रंग. कॅप्टनचा हुकूमच होता: “एक स्क्रू उघडा दिसला तर गाठ माझ्याशी आहे.” खलाशी ब्रश घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले. फिकट हिरवा रंग दारावर बसला, माझ्यावर बसला, माझ्या चारी स्क्रूंच्या डोक्यांवर बसला. चिलसूचा दोरा सोडवण्याइतका वेळ कोणाला होता? त्याच्यावरूनही ब्रश फिरला आणि दोरा माझ्या अंगाला कायमचा चिकटला.

रंग वाळल्यावर कॅप्टनसाहेब स्वतः एकेक खोली पाहत आले. बोराम दारात उभी होती. त्यांनी मला पाहिले. बोटाने माझ्यावरचा रंग वाळला आहे का तेही तपासले. नियमबाह्य कडी दिसली तर ती काढायला लावणे हे त्यांचे कामच. पण त्यासाठी ‘ही कशाला बसवली?’ असे विचारावे लागले असते, आणि विचारले असते तर उत्तर मिळाले असते. ते मागे उभ्या चीफला म्हणाले, “रंग छान बसलाय.” आणि पुढच्या खोलीत गेले.

सिंगापूर सोडल्यावर एका दुपारी किल्ली फिरली आणि या वेळी पावले मागे गेली नाहीत. दारावर खांदा आदळला. मी आडवी होतेच. पुन्हा आदळला. मित्रांनो, लोखंडालाही दुखते. तिसऱ्या धक्क्याला मी मधोमध वाकले, अंगावरचा रंग तडकला, दाराची फट बोटभर रुंदावली आणि त्या फटीत चार बोटे दिसली. पण कोयंडा मी सोडला नाही.

बोरामने कपाटातून लाइफजॅकेट ओढले. प्रत्येक लाइफजॅकेटला एक शिट्टी असते, समुद्रात पडलेल्याने फुंकायची. ती तिने खोलीतच फुंकली. फुंकतच राहिली.

दारे उघडली, माणसे धावत आली. कॅप्टन योम किल्ली हातात घेऊन उभे, केस विस्कटलेले.

“ड्रिल होती,” ते म्हणाले. “शिट्टी ऐकून कोण किती लवकर येतं ते बघत होतो. फार उशीर केलात.”

उशीर केला हे मात्र ते खरे बोलले. चीफ चू आणि बाकी सगळ्यांनी खाली पाहिले. त्या बोळातल्या लादीकडे इतक्या जणांनी एकदम कधी पाहिले नसेल.

बुसानला लागताच बोराम थेट पोलिसांकडे गेली. त्यांनी माझे स्क्रू सोडवले, मला स्क्रूंसकट पारदर्शक पिशवीत घातले, चिठ्ठी लावली. कंपनीचा माणूस फळांची पेटी घेऊन गोज्याला तिच्या आईकडे पोहोचला. मुलीचे नाव खराब होईल, आपसात मिटवू, म्हणाला. आईने सुरी खाली न ठेवता सांगितले, “रोज शिंपले उघडते मी. उकळत्या पाण्यातही न उघडणारा असला की तो मेलेला असतो, फेकून देतो आम्ही. माझी पोरगी उघडलीय. पेटी उचला.”

पण खटला सोपा नव्हता. कॅप्टनच्या वकिलाने पहिल्याच दिवशी विचारले, झेंडा पनामाचा, जागा भर समुद्रातली. या न्यायालयाचा संबंधच काय? न्यायाधीश म्हणाले, “आरोपी इथला नागरिक आणि तक्रारदारही इथलीच. समुद्र कोणाचा ते राहू द्या. माणसं आमची आहेत.” एक दार बंद झाले. मग वकिलाने दुसरे उघडले. ही कडी बाईंनी बुसान जवळ आल्यावर बसवली, हातोड्याने स्वतःच वाकवली. का, तर कॅप्टनसाहेब तिला वाईट शेरा देणार होते म्हणून. शिट्टी? ड्रिल. बोळातली माणसे? “सर म्हणाले ड्रिल, म्हणजे ड्रिलच असणार,” चीफ चूंनी साक्ष दिली. खलाशी पुढच्या जहाजांवर पांगले होते. चिलसू आला, उभा राहिला, म्हणाला, “मी केली. सिंगापूरच्या आधी.” वकील हसला. “बाईंचे फार लाडके काका, नाही का?”

बोराम समोर बसली होती. इथे हरली तर ती खोटे बोलणारी ठरणार होती, आणि खोटे बोलणाऱ्या बाईला कोणतेही जहाज पुन्हा शिडीवर पाय ठेवू देणार नव्हते.

मग सरकारी वकील हामबाई उठल्या. बुटक्याशा, आवाज एखाद्या बालवाडीच्या बाईंसारखा.

“कॅप्टनसाहेब, तुमच्या जहाजावर फार शिस्त होती म्हणतात?”

“मला विचारल्याशिवाय पान हलत नाही.”

“सिंगापूरला तपासणीत नाव काढलंत.”

“कोपरान् कोपरा रंगवून घेतला होता. प्रत्येक खोली मी स्वतः तपासली.”

“स्क्रूसुद्धा?”

“एक उघडा दिसला नसता तुम्हाला.”

“आणि त्यानंतर कोणी परस्पर कुठे रंग लावला असेल तर? पोरं असतात उनाड.”

“शक्य नाही,” कॅप्टनसाहेब जरा दुखावलेच. “सिंगापूर सोडलं की रंगाची खोली कुलूपबंद. किल्ली माझ्याकडे. ओल्या रंगाचा वास मला खपत नाही.”

“थँक यू,” म्हणत हामबाईंनी मला पिशवीसकट वर धरले. “चारही स्क्रूंच्या डोक्यांवर रंग आहे. हा दोराही रंगाखाली आहे. म्हणजे रंग लागला तेव्हा कडी दारावर होती, आणि ती तुम्ही स्वतः तपासलीत. आणि कडीवरचा रंग तडकलाय तो फक्त वाकलेल्या जागी. म्हणजे वाकली ती नंतर, दारावर असताना. कॅप्टनसाहेब, तुमच्या एका अधिकाऱ्याला आतून कडी लावून बसावं लागतंय हे बघून तुम्ही काय विचारलंत?”

कॅप्टन योम यांनी खाली पाहिले. न्यायालयाची लादीही साधीच होती.

त्यांना तुरुंगवास झाला, जहाज चालवायचा परवाना गेला. अपील झाले, तेही फेटाळले. आनंदाने टाळ्या वाजवाल, तर थांबा, जमाखर्च पुरा करू द्या. कंपनीला काही झाले नाही. जेवणघरातला कागद बदलला. कॅप्टनच्या नावाऐवजी आता एक फोन नंबर आहे, आणि तो कोणी उचलतो की नाही मला ठाऊक नाही. लादीकडे पाहणाऱ्या कोणालाही कोणी काही विचारले नाही. चीफ चू आता कॅप्टन आहेत.

निकाल पक्का झाल्यावर मला परत द्यायचे ठरले. बोराम आणि चिलसू दोघेही घ्यायला आले होते. बोरामला दुसऱ्या कंपनीत जहाज मिळाले होते, बढतीसकट.

“आता सेकंडसाहेब म्हणायला लागणार तर,” चिलसू म्हणाला. “जीभ वळायला वेळ लागेल हो.”

“काका, सरळ करून द्याल हिला?”

त्याने मला हातात घेऊन पाहिले. “करीन की. पण त्या दिवशी कडी करण्याआधी वर जाऊन दोन शब्द बोललो असतो तर हिची गरजच पडली नसती.” आणि त्याने मला तशीच वाकडी तिच्या हातात ठेवली.

मित्रांनो, असल्या गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, तेलपाणी करा. मी तसे म्हणणार नाही. मला खुशाल गंजू द्या. जपायचे असेल तर शिट्टीचा आवाज जपा. तुम्ही मोठे व्हाल, कोणी चीफ व्हाल, कोणी भंडारी. कोणी तुमच्याकडे येऊन दार लावून बोलू लागेल, तेव्हा लादीकडे पाहू नका.

सध्या मी बोरामच्या नव्या जहाजावर आहे, टेबलाच्या खणात. दारावर नाही, आगीचा नियम ती आता काटेकोर पाळते. इथले कॅप्टन सज्जन आहेत, असे सगळे म्हणतात. तिने अजून मला बाहेर काढलेले नाही.

पण माझे चारही स्क्रू तिने त्याच पिशवीत ठेवले आहेत. टाकलेले नाहीत.