वाढलेला टायर

डावा पुढचा ३.१. उजवा पुढचा ३.०. डावा मागचा ४.२. उजवा मागचा ४.१. आकडे मिलिमीटरमध्ये, अक्षर सासूबाईंचं.

उपाशीपोटीचं रक्त घ्यायला गेलं की घंटा एकदाच वाजवावी आणि थांबावं. रात्रीपासून न खाल्लेलं माणूस दुसऱ्या घंटेला अंगावर येतं.

चाळीसच्या पुढे थप थप थप थप. वीसच्या खाली थप, जरा थांबून पुन्हा थप. गाडी थांबली की काही नाही.

एका बस डेपोत मिलिमीटरबाई नावाची बाई होती. ड्रायव्हर तिला साहेबापेक्षा जास्त भीत. तिला स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती.

जहाजावरच्या माणसाला फोनवर सांगायच्या गोष्टी: तब्येत, पाहुणे, नळाचं पाणी. न सांगायच्या: उरलेल्या सगळ्या.

पंक्चरवाल्याने विचारलं, चांगली स्टेपनी पुढे आणि वापरातलं चाक डिकीत, असं उलटं का हो ताई? ती म्हणाली, असंच.

हे सगळं एकाच गाडीचं आहे, आणि गाडी लहान आहे. पाच माणसं बसली तर सहावा श्वास बाहेर ठेवावा लागतो एवढी.

गाडी सासूबाईंच्या नावावर होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली ती मुलगा चालवील म्हणून. मुलगा लागला जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात, आणि स्टिअरिंग आलं सुनेच्या हातात. सून एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. सकाळी सहाला निघायचं, दहाच्या आत दहा-बारा घरं करायची, मागच्या सीटवर थंड डबा, डब्यात लेबल लावलेल्या नळ्या. लॅबची अट एकच होती, वाहन स्वतःचं पाहिजे. गाडी गेली की काम गेलं, यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आठ वर्षं घरात बसून काढल्यावर मिळालेलं काम होतं ते, आणि तिला ते आवडायचं.

सासूबाईंनी सव्वीस वर्षं डेपोच्या टायर विभागात काढली. बसवरून उतरलेला प्रत्येक टायर लोळत लोळत त्यांच्या टेबलापुढे यायचा. त्या खाचांत मापक घालायच्या, खोली लिहायच्या, आणि शेवटी रजिस्टरचा तो रकाना भरायच्या: काढण्याचं कारण. झीज. चीर. खिळा. हवा कमी. आणि टायर गोल असूनही एका जागी तासल्यासारखा सपाट झालेला दिसला, तर: ब्रेक. म्हणजे चाक फिरायचं थांबलं आणि बस मात्र थांबली नाही, रबर रस्त्यावर फरफटलं. ब्रेक असं लिहिलं गेलं की तो ड्रायव्हर पंधरा दिवस स्टिअरिंगवरून खाली. कुणाची रदबदली चालायची नाही. एकदा तर त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं नाव होतं. तोही उतरला, आणि पुढची दोन वर्षं बहिणीच्या घरची पायरी चढला नाही.

सासूबाई ही हकिकत अभिमानाने सांगायच्या. शेवट ठरलेला असायचा. "भाऊ खोटं बोलेल, टायर खोटं बोलत नाही."

सुनेने ही हकिकत लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकली होती, आणि त्यानंतर पाहुण्यागणिक एकदा.

काढण्याचं कारण: अजून भरायचं आहे.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास, कोरड्या स्वच्छ रस्त्यावर, एक सायकलवाला बाजूच्या गल्लीतून फोनवर हसत हसत बाहेर आला. तिने होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी किंचाळली, नाक डावीकडे वळवलं आणि फुटपाथच्या कडेपासून वीतभर अलीकडे थांबली. सायकलवाला फोन कानाला तसाच धरून निघून गेला. त्याच्या हसण्यातही खंड पडला नाही.

पुढच्या घरी तिने रक्त घेतलं तेव्हा हात स्थिर होता. नंतर जिन्यात मात्र ती दोन मिनिटं पायरीवर बसली. आणि गाडी सुरू केल्यावर ते थप थप ऐकू आलं. तिने उतरून पाहिलं. डाव्या पुढच्या टायरवर तळहाताएवढा भाग कुणी किसणीवर घासावा तसा सपाट झाला होता.

दर रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, सासूबाई बुटकं स्टूल घेऊन खाली उतरायच्या आणि चारही टायर मोजायच्या. डेपो सुटला तरी मापक त्यांनी सोडलं नव्हतं. वहीत तारीख, चार आकडे, खाली सही. सही कुणासाठी, ते विचारायची सोय नव्हती.

गुरुवारी ती पंक्चरवाल्याकडे गेली आणि ते चाक डिकीत, स्टेपनी पुढे, असं करून घेतलं. मनाशी हिशोब सरळ होता. सासूबाई मापक लावतील, खाच खोल निघेल, खोल निघाली म्हणून आजवर कोण रागावलंय? थप थप थांबलं. ब्रेक दाबला की गाडी अजून थोडी डावीकडे झुकायची, पण ते तिने स्वतःच्या धसक्यावर ढकललं. हात घाबरलाय, हातच ओढतोय, असं.

रविवारी केस पुसता पुसता तिने खिडकीतून पाहिलं. सासूबाईंनी डावा पुढचा मोजला. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. परत मोजला. लिहिलं. मग उरलेले तीन मोजले, स्टूल उचललं आणि वर आल्या.

"पुढचे टायर बदलायला झालेत," त्या म्हणाल्या. "शनिवारी जाऊ. मी येते."

तिने मान हलवली. आठवडाभर दोघी एकमेकींशी जरा जास्तच गोड वागल्या.

टायरच्या दुकानात शिरलं की आधी वास येतो, मग अंधार, मग माणूस. छतापर्यंत टायरच्या चळती होत्या, एका कोपऱ्यात हवेचा पंप मधूनच उसासे टाकत होता. टायरवाला पोटाने आडवा आणि जिभेने लांब होता. त्याने सासूबाईंना खुर्ची दिली, सुनेला माहितीपत्रक दिलं आणि मुळात आहे त्यापेक्षा दोन बोटं रुंद टायर पुढे केले. गाडी रस्त्याला चिकटून चालेल म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, गाडी चिकटवायची नाही, चालवायची आहे. कंपनीने दिलंय ते माप दाखवा.

त्याने दाखवलं. त्यांनी टायरच्या खाचा न बघता त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, चार आकडे शोधले आणि डोळे बारीक करून वाचले. टायर बनला तो आठवडा आणि वर्ष. टायर दोन वर्षांपूर्वीचा निघाला.

"हा दोन वर्षं कुठे होता?"

"गोदामात, मावशी. एकदम सावलीत. काही होत नाही."

"सहा वर्षं मीही सावलीतच बसलेय," सासूबाई म्हणाल्या. "माझं काही व्हायचं थांबलं का?"

टायरवाला हसला आणि मुकाट्याने मागच्या चळतीकडे गेला. तिथून त्याने दोन जोड आणले, दोन्ही नव्वद दिवसांच्या आतले. एक कडक रबराचा, सावकाश झिजणारा. दुसरा मऊ, लवकर झिजणारा, पण ब्रेकला रस्ता घट्ट धरणारा. सासूबाईंनी दोन्हीत अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. सुनेला वाटलं, आता घासाघीस होईल, कडक जोड ठरेल, चाकं बदलतील आणि आपण सुटू.

"नवे नंतर ठरवू," सासूबाई म्हणाल्या. "आधी जुने बघते. डिकी उघडा. स्टेपनीपासून."

तिने हातातल्या माहितीपत्रकाची बारीक घडी घातली.

चाक बाहेर आलं. सासूबाईंनी ते उभं धरलं आणि तळहाताखालून सावकाश फिरवलं. अर्ध्या फेरीनंतर हात थांबला. टायरवाल्याने वाकून पाहिलं आणि कुणी न विचारताच निदान केलं, कुणीतरी जबरी ब्रेक दाबलाय. मग दोघींची तोंडं पाहिली आणि पंपाकडे काहीतरी काम काढून गेला.

सासूबाईंनी पिशवीतून वही काढली. पान उघडून सुनेपुढे धरलं. डावा पुढचा, गेल्या महिन्यातले चार रविवार: ३.२, ३.२, ३.१, ३.१. त्याखाली गेल्या रविवारचा: ६.४.

"सव्वीस वर्षांत झिजलेले टायर खूप पाहिले," त्या म्हणाल्या. "वाढलेला हा पहिलाच."

तिची नजर ६.४ वरून हलेना.

"तुमच्या लॅबमध्ये एखाद्याचा आकडा आठवड्यात दुप्पट झाला, तर तुम्ही काय समजता?"

हे तिला झोपेतही आलं असतं. रोज हेच तर शिकवतात. तिने खाली बघून सांगितलं, "नळी बदलली."

"मग?"

मग तिने सांगितलं. सायकलवाला, फुटपाथ, जिना, पंक्चरवाला. भराभरा सांगितलं आणि पर्समधून किल्ली काढून हातात धरली, म्हणजे मागायची वेळ यायला नको. सासूबाईंनी किल्लीकडे पाहिलंच नाही. त्या सपाट भागावर अंगठा फिरवत बसल्या होत्या.

"गाडी कुठल्या अंगाला गेली?"

"डावीकडे."

"आणि आता?"

"अजून जाते. थोडी. मला वाटलं माझाच हात..."

"उजवा पुढचा काढा," सासूबाईंनी टायरवाल्याला हाक मारली.

उजवा पुढचा आला. त्यांनी तो पूर्ण फिरवला. मग उलटा फिरवला. हात कुठेच अडला नाही. तीन मिलिमीटर, सगळीकडे, एखाद्या शहाण्या मुलासारखा.

टायरवाला एव्हाना चाक निघालेल्या जागी टॉर्च मारून बघत होता. त्याने बोलावलं. उजवीकडचा ब्रेक गंजून जाम झाला होता, ब्रेक पॅड डिस्कला नीट टेकतच नव्हतं. मग त्याने डावं चाकही काढलं. त्या बाजूचं पॅड संपत आलेलं, आणि उजवं नव्यासारखं जाड. कामच करत नव्हतं, झिजेल कसं? तुम्ही दाबला, ताई, आणि एकट्या डाव्याने गाडी थांबवली, म्हणून तो फरफटला. दोन्ही धरत असते तर एवढा सपाट झालाच नसता. हा टायर डिकीत लपून राहिला असता आणि नव्या टायरांच्या भरवशावर तुम्ही पुन्हा कधी असा ब्रेक दाबला असता, तर मग काही खरं नव्हतं. हे त्याने दोन वेळा सांगितलं. एकदा पुरलं असतं.

सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी वही मिटली, उघडली.

"माझ्यापुढे टायर एकटाच यायचा," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, मोजल्यासारखा. "बस तोवर दुसरा लावून रस्त्यावर गेलेली असायची. दुसऱ्या बाजूचा मी कधी मागवला नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नाही."

सुनेला मामांचा, म्हणजे सासूबाईंच्या भावाचा चेहरा आठवला. लग्नकार्यात ते बहिणीपासून दोन खुर्च्या सोडून बसायचे.

"दहा दिवस तू एका ब्रेकवर फिरलीस," सासूबाई म्हणाल्या.

"किल्ली घ्याल, असं वाटलं."

"घेतलीच असती. टायर बघून घेतली असती." त्यांनी हात पुढे केला. तिने किल्ली दिली. सासूबाईंनी ती टायरवाल्याच्या हातात ठेवली. ब्रेक दोन्ही बाजूंचे करायचे, उद्या लॅबला सुट्टी आहे, सोमवारी पहाटेच्या आत गाडी हिच्या हातात पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या नाही.

मग दोन्ही जोड पुन्हा पुढे ओढले.

"डेपोत आम्ही किलोमीटर बघायचो. मी घेतला तर कडकच घेईन. चालवणारी तू आहेस, बोल."

तिने मऊवर हात ठेवला. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण तोंड उघडलं नाही. एवढं मात्र बजावलं की नवे मागे लावा, मागचे पुढे आणा, आणि स्टेपनी तिच्या जागेवर जाऊ द्या. टायरवाला म्हणाला, सगळी गिऱ्हाइकं नवे पुढेच मागतात. त्या म्हणाल्या, पुढचं घसरलं तर हाताला कळतं, मागचं घसरलं तर देवाला कळतं. मागे लावा.

जुने दोन्ही टायर त्यांनी घरी पाठवायला सांगितले. डावा आणि उजवा, एकत्र बांधून.

घरी जायला बस घ्यावी लागली. चढण्याआधी सासूबाईंनी बसच्या पुढच्या टायरला सवयीने हात लावला, मग मागे पाहून पलीकडच्या बाजूलाही जाऊन आल्या. कंडक्टर ओरडला तर ओरडू दिलं. सीटवर बसल्यावर त्यांनी भावाला फोन लावला. ख्यालीखुशाली विचारली नाही.

"तुला खाली उतरवलं होतं त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "बस कुठल्या अंगाला ओढली होती रे?"

मामांचा आवाज सुनेलाही ऐकू आला.

"उजवीकडे, ताई. ओरडून सांगत होतो तुला."

सासूबाईंनी वही मांडीवर घेतली. काढण्याचं कारण, त्यांनी लिहिलं: ब्रेक, उजव्या बाजूचा, बंद. चालकाकडे दोष नाही. खाली तारीख, सही. मग एक ओळ सोडून तेच पुन्हा लिहिलं, फक्त बाजू डावी केली, तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची घातली, आणि पेन तिथेच थांबलं. सही करायची की नाही, ते बस त्यांच्या थांब्यावर येईपर्यंत ठरलं नाही. उतरताना उभ्या उभ्या केली.

त्या बुधवारी ब्रेक लागला तेव्हा मागच्या सीटवरच्या डब्यात चौदा नळ्या होत्या. एकही फुटली नव्हती.